वाटाण्याच्या सुपाची रेघ

लांडग्राफ मंद होतं असं आजही कुणी माझ्यासमोर म्हटलं, की माझं डोकं फिरतं. परवाच गोदीजवळच्या गुत्त्यात टपालखात्यातला एक कारकून मोठ्या तोऱ्यात सांगत होता, की ते चिलखती क्रूझर म्हणजे नुसती तरंगती इस्त्री होती. मी त्याचा बिअरचा पेला उचलून लांब ठेवला आणि म्हटलं, "आधी ऐकून घे, मग पी." त्याने ऐकलं. न ऐकून सांगतो कोणाला? पेला माझ्या हातात होता.

मी योखिम स्ट्युवे. लांडग्राफवर पहिल्या दिवसापासून आचारी होतो. जर्मन आरमारात जहाजावरच्या आचाऱ्याला स्मुत्ये म्हणतात, आणि कॅप्टनपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे मला याच नावाने हाक मारायचे. कीलच्या गोदीतून जहाज बाहेर आलं तेव्हा माझ्या स्वयंपाकघराला रंगाचा इतका वास होता, की पहिला आठवडाभर माणसं पावालाही रंग लागलाय म्हणून कुरकुरत होती. पण काय जहाज होतं! तीन धुराडी, कमरेला पोलादाचा जाडजूड पट्टा, पुढे-मागे तोफांचे मनोरे. मी आयुष्यात बायकोनंतर कुणाकडे तसं टक लावून पाहिलं असेल तर त्या जहाजाकडे.

जहाजावर आरमाराचा झेंडा चढला त्या दिवशी अधिकाऱ्यांना मोठं जेवण होतं. टेबलाच्या एका टोकाला कॅप्टन फॉन रेटविश. पांढऱ्या मिशांचे, हळू बोलणारे. त्यांच्या उजव्या हाताला फर्स्ट ऑफिसर फॉन माल्त्सान. आणि टेबलाच्या पार शेवटी, दाराजवळच्या वाऱ्यात, मुख्य इंजिनिअर इंगव्हेर्सन. ते तिथे का, हे आरमारात कुणाला सांगावं लागत नव्हतं. इंजिनवाला कितीही शिकलेला असो, डेकवरच्या साहेबांच्या लेखी तो काळ्या हातांचाच. माल्त्सानसाहेब त्यांना तोंडावर "आमचे बंबवाले" म्हणायचे.

भाजलेलं बदक वाढता वाढता मी सगळं ऐकत होतो. माल्त्सान म्हणाले, "काय बंबवाले, पाणी तापणार ना वेळेवर?"

सगळे हसले. इंगव्हेर्सन फ्योर बेटावरचे, दिवसाला दहा शब्दांच्या वर न बोलणारे. ते उठून उभे राहिले आणि थेट कॅप्टनसाहेबांकडे बघून म्हणाले, "एकवीस नॉट. माझा शब्द आहे."

आणि खाली बसले. आरमारात शब्द दिला की दिला. त्या क्षणी त्या माणसाने आपली सगळी नोकरी पणाला लावली, हे मला हातात बदकाचं ताट असतानाही कळलं.

वेगाची चाचणी मे महिन्यात ठरली. कुठे? तर जवळच्या उथळ खाडीत! आमच्या जहाजाची जुळी बहीण आल्ब्रेष्ट, त्याच आराखड्यावर बांधलेली, तिची चाचणी आदल्या वर्षी दूर पूर्वेला खोल पाण्यात झाली होती. तिने एकवीस सहज काढले होते, पण तिथे बघायला सीगल पक्ष्यांशिवाय कोणी नव्हतं. लांडग्राफची वेळ आली तेव्हा माल्त्सानसाहेबांनी खटपट करून खाडी ठरवून घेतली. खाडीच्या काठावर हॉटेल होतं, हॉटेलला मोठी गच्ची होती, गच्चीवर छत्र्या घेतलेल्या बायका, पेन्शनीतले अॅडमिरल, वर्तमानपत्रवाले, सगळे बसणार होते. आमच्या लोकांना एखादी गोष्ट चांगली करण्यापेक्षा ती चारचौघांत चांगली दिसणं जास्त महत्त्वाचं वाटतं. त्यासाठी तीन दिवस आम्ही डेक वाळूने घासलं, पितळ चमकवलं, मला तर चमच्यांच्या मागच्या बाजूसुद्धा पॉलिश करायला लावल्या.

चाचणीच्या दिवशी जहाज वीसपर्यंत गेलं आणि तिथेच अडून बसलं. खाली भट्ट्या पेटलेल्या, धुराड्यांतून काळाकुट्ट लोट निघत होते, जहाज दातांवर दात आपटल्यासारखं थरथरत होतं. पण पुढे जाईल तर शपथ. मागे मात्र हिरव्या पाण्याचा केवढा डोंगर उठला होता! ती लाट सरळ किनाऱ्यावर गेली, हॉटेलच्या पायऱ्या चढली आणि पहिल्या रांगेतल्या बायकांचे बूट भिजवून आली. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात तेवढंच छापून आलं.

माझ्यावर वेगळंच संकट. पाहुण्यांसाठी मी डुकराचं मांस घालून वाटाण्याचं दाट सूप रटरटत ठेवलं होतं. भर वेगात असताना ते हंड्याच्या मागच्या काठावरून सांडायला लागलं. पुढे हंडा निम्मा मोकळा, मागे धबधबा! माझ्या डाव्या पायावर पडलं. मी ओरडलो ते गच्चीपर्यंत ऐकू गेलं असेल.

चाचणी संपली. नौदलाच्या कमिशनने निकाल दिला: लांडग्राफ टेहळणीच्या कामाला निरुपयोगी. शरद ऋतूतला युद्धसराव झाला की जहाज राखीव ताफ्यात बांधून ठेवायचं, माणसं वाटून टाकायची. आणि इंगव्हेर्सनना किनाऱ्यावर, जुने बॉयलर ठोकायच्या शेडमध्ये पाठवायचं. जन्मभर समुद्रावर काढलेल्या माणसाला शेडमध्ये! मला फार वाईट वाटलं. पण पाय भाजला होता, म्हणून त्याहून जास्त राग आला होता. मी लंगडत तडक त्यांच्याकडे गेलो.

"साहेब, तुमचं जहाज बुडावर बसतं काय?"

ते इंजिनघराच्या पायऱ्यांवर एकटेच बसले होते. मान वर न करता म्हणाले, "जा स्मुत्ये."

"जातो कसा? हा पाय बघा! सगळं सूप मागच्या बाजूला! पुढे चमचाभर नाही! सपाट पाणी, लाट नाही की वारा नाही, आणि माझा हंडा उतारावर असल्यासारखा!"

इंगव्हेर्सननी मान वर केली. "काय म्हणालास? उतारावर?"

"नाहीतर काय!"

"हंडा दाखव."

आम्ही स्वयंपाकघरात गेलो. हंडा मी अजून घासला नव्हता, आणि वाटाण्याचं सूप वाळलं की सिमेंट होतं. हंड्याच्या आत त्याची रेघ स्पष्ट दिसत होती, पुढे खाली, मागे वर. चांगली तिरकी. ते त्या रेघेकडे बघत राहिले, बोटाने ती पुढून मागे आखत गेले, आणि मग त्या माणसाला मी पहिल्यांदा हसताना पाहिलं.

"तळ," ते म्हणाले. "खाडीचा तळ फार जवळ होता रे. एवढं मोठं जहाज जोरात निघालं की खालच्या पाण्याला सरकायला जागाच राहत नाही. पिछाडी खाली बसते, नाक वर होतं, आणि सगळी वाफ तो पाण्याचा डोंगर ओढण्यात जाते. माझी इंजिनं ठीक आहेत. त्या खाडीने आम्हाला धरून ठेवलं."

"मग कॅप्टनसाहेबांना दाखवा की!"

"हंड्याला हात लावू नकोस," असं म्हणून ते गेले, अक्षरशः पळत.

आता ऐका, आमच्या आरमारात काय होतं ते. इंगव्हेर्सन कॅप्टनसाहेबांना घेऊन येईपर्यंत अर्धा तास गेला. तेवढ्यात माल्त्सानसाहेब स्वच्छतेच्या फेरीवर आले. हंडा बघून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. मी विनवलं, "साहेब, हा राहू द्या, इंजिनिअरसाहेबांनी—" तर म्हणाले, "माझ्या जहाजावर बंबवाले हुकूम देत नाहीत." आणि दोन खलाशांना वाळू घेऊन बोलावलं. कॅप्टनसाहेब दारात आले तेव्हा हंडा इतका लखलखत होता, की त्यात त्यांना स्वतःच्या मिशा दिसल्या असतील.

इंगव्हेर्सननी सगळं समजावून सांगितलं. माल्त्सान हसू दाबत होते. कॅप्टन फॉन रेटविश यांनी हंड्याच्या आतून एकदा बोट फिरवलं.

"मी तुमच्यावर विश्वास ठेवीन, इंगव्हेर्सन," ते शेवटी म्हणाले. "पण कमिशनला विश्वास नको असतो, त्यांना डोळ्यांनी बघायचं असतं. आणि दुसरी चाचणी ते देणार नाहीत."

तो सगळा उन्हाळा आम्ही मान खाली घालून काढला. कीलमध्ये आमच्या माणसांना गुत्त्यात बसणं मुश्किल झालं. आल्ब्रेष्टवाल्यांनी तर कहर केला. आमच्या जवळून जाताना ते मागच्या कठड्यावरून जाडजूड दोरखंडाचं टोक खाली सोडायचे आणि ओरडायचे, "धरा रे! ओढून नेतो!" भट्टीवाल्यांचा मुकादम क्रोगमान, खांद्याने दार अडवेल असा माणूस, त्याच्या डोळ्यांत मी त्या दोरीमुळे पाणी बघितलंय. माल्त्सानसाहेबही ती दोरी दिसली की पाठ फिरवायचे. इंगव्हेर्सन मात्र रोज खाली जायचे, एकेक झडप, एकेक नळी स्वतःच्या हाताने तपासायचे, निरोप द्यायला आल्यासारखे.

सप्टेंबरात युद्धसराव सुरू झाला. ताफ्याचे दोन पक्ष पाडले होते, आम्ही एकात, आल्ब्रेष्ट दुसऱ्यात. आम्ही डेन्मार्कच्या उत्तरेला, नॉर्वेकडच्या बाजूला होतो. तिथला समुद्र इतका खोल, की नांगराची साखळी कितीही सोडा, तळ लागायचा नाही. त्या सकाळी पाणी ताटात ओतल्यासारखं शांत होतं. माझं वाटाण्याचं सूप चुलीवर होतं, कारण गुरुवार होता, आणि गुरुवारी आमच्या जहाजावर तेच असायचं.

सकाळी आठच्या सुमाराला धुकं फाटलं आणि समोर आल्ब्रेष्ट दिसलं. त्याने आमच्या पक्षाची मुख्य जहाजं बघितली होती आणि ती खबर आपल्या अॅडमिरलला द्यायला ते वळून पळत सुटलं होतं. बिनतारी यंत्र वापरायचं नाही असा सरावाचा नियम होता, त्यामुळे खबर द्यायची तर स्वतः पोचायला हवं. ते निसटलं की आम्ही हरलो. आमच्या पक्षाचं दुसरं कुठलंही जहाज जवळपास नव्हतं. होतं फक्त एक, निकालात काढलेलं. आणि त्याच्या ब्रिजवर, जहाज हाकायच्या उंच मचाणावर, पंच म्हणून कोण उभं होतं? कमिशनवरचाच एक म्हातारा अधिकारी, हातात घड्याळ घेऊन.

कॅप्टनसाहेबांनी इंजिनघराच्या बोलायच्या नळीला तोंड लावलं. मी कॉफी घेऊन वर गेलो होतो, म्हणून माझ्या कानांनी ऐकलं.

"इंगव्हेर्सन, समोर आल्ब्रेष्ट आहे. किती देता?"

नळीतून खरखरीत आवाज आला. "दिलेला शब्द पाळतो. पण कोळसा ओढायला माणसं कमी पडतील. डेकवरची द्या."

ब्रिजवर सगळ्यांनी माल्त्सानसाहेबांकडे पाहिलं. डेकवरचे खलाशी म्हणजे माल्त्सानसाहेबांचे पांढरेशुभ्र लाडके. त्यांना कोळशात उतरवणं म्हणजे आमच्याकडे आक्रीतच. माल्त्सान कठड्याला धरून समोर बघत होते. आल्ब्रेष्टच्या मागे ती दोरी लोंबत होती. सरावातसुद्धा त्या हलकटांनी ती सोडली होती.

माल्त्सानसाहेबांचा चेहरा लाल झाला. "सगळे खाली!" ते गरजले. "तोफांवर नेमलेले सोडून सगळे! टोपल्या घ्या! बघताय काय? बंबवाल्यांनी बोलावलंय!"

आणि स्वतः कोट काढून कठड्यावर टाकला आणि पायऱ्या उतरून गेले. ते काही आज्ञा देण्यापुरते गेले नव्हते. मी नंतर खाली डोकावलो तेव्हा ते क्रोगमानसमोर टोपली धरून उभे होते आणि क्रोगमान त्यांच्यावर खेकसत होता, "वाकून धर की! पहिल्यांदा बघतोयस काय कोळसा?" वाफेत त्याला कोण आहे ते कळलं नव्हतं. माल्त्सानसाहेब मुकाट्याने वाकले.

जहाज थरथरायला लागलं. मला खाडी आठवली. इंजिनघराची वरची जाळी माझ्या स्वयंपाकघराला लागून होती. तिथून इंगव्हेर्सनची हाक आली.

"स्मुत्ये! हंडा भर! काठोकाठ! कलला तर लगेच सांग. कलला असेल तर शेवटच्या झडपा उघडून उपयोग नाही, नुसती इंजिनं तुटतील!"

मी सूप ओतलं. काठापर्यंत ओतलं, बोटभरही जागा ठेवली नाही. मग हंड्यापाशी गुडघे टेकून बसलो. खरं सांगतो, चर्चमध्येसुद्धा मी तितक्या मनापासून कधी गुडघे टेकले नव्हते. वीस झाले असावेत, कारण थरथर तीच होती. मी मागच्या काठाकडे बघत होतो. आता सांडेल, आता सांडेल. पायाचा जुना डाग आपोआप दुखायला लागला.

सूप सांडलं नाही. पृष्ठभागावर बारीक बारीक वलयं उठत होती, पण पुढे जेवढं, मागे तेवढंच. एक वाटाणा मधोमध तरंगत होता आणि तो तिथेच राहिला.

मी जाळीवर पालथा पडून ओरडलो, "सरळ आहे! साहेब, सूप सरळ आहे!"

खालून कुणीतरी हसलं. मग इंगव्हेर्सनचा आवाज आला, मोठा, मोकळा, त्यांचा म्हणून ओळखूच येईना असा. "उघडा! सगळं उघडा!"

आणि लांडग्राफ सुटलं. कसं सांगू? इतका वेळ कुणीतरी मागून कोट धरला होता आणि तो एकदम सोडला, तसं. थरथर कमी झाली. आवाज बदलला, सगळं जहाज एका सुरात गुणगुणायला लागलं. मी सूप आणि आचाऱ्याचा सगळा मान-मरातब तिथेच टाकून डेकवर धावलो. पुढच्या टोकाला पाणी दोन्ही बाजूंना पांढरं फुटत होतं, आणि मागे डोंगर नव्हता, सरळ लांब फेसाळ वाट होती. आल्ब्रेष्ट मोठं व्हायला लागलं. त्याची धुराडी दिसली, मग कठडे, मग माणसं. ब्रिजवरून वेग मोजणारा खलाशी ओरडला, "एकवीस!" थोड्या वेळाने त्याचा आवाज फाटला. "साडेएकवीस!"

आमच्या तोफा वळल्या. पंचाने घड्याळ बंद करून खिशात टाकलं आणि इशाऱ्याचा झेंडा चढवायला सांगितलं: सरावाच्या हिशेबात आल्ब्रेष्ट बुडालं! पण कॅप्टनसाहेब थांबले नाहीत. ते इतके हळू बोलणारे, सभ्य गृहस्थ. पण त्यांनी मिशीला पीळ दिला आणि म्हणाले, "आणखी थोडं पुढे जाऊ. हवा छान आहे."

आम्ही आल्ब्रेष्टच्या शेजारून गेलो. इतक्या जवळून, की त्यांच्या लोकांची तोंडं उघडी राहिलेली दिसत होती. एकजण घाईघाईने ती दोरी वर ओढत होता. मी कठड्यावर चढलो, हातातला डाव उंच केला आणि बोंबललो, "राहू द्या की दोरी! आता आम्ही ओढतो! आणि सूप पाहिजे काय? दमलात हो!" आचाऱ्याने असं करायचं नसतं. पण त्या दिवशी सगळं चाललं.

थोड्या वेळाने आमच्या अॅडमिरलच्या जहाजावरून झेंड्यांचा संदेश आला: लांडग्राफने टेहळणी तुकडीच्या डोक्यावर, सर्वांत पुढे जागा घ्यावी. कमिशनचा म्हातारा कॅप्टनसाहेबांना म्हणाला, "तो जुना निकाल मी स्वतः मागे घ्यायला लावतो. खाडीत आम्ही खाडीची चाचणी घेतली होती, जहाजाची नाही. आणि तुमच्या इंजिनिअरला या जहाजावरून कुणी हलवणार नाही."

तेवढ्यात पायऱ्यांवरून एक काळाठिक्कर माणूस वर आला. दात आणि डोळे तेवढे पांढरे. तो बोलला तेव्हा कळलं, माल्त्सानसाहेब! त्यांनी पांढऱ्या डेकवर आपल्या पावलांचे काळे ठसे उमटलेले बघितले आणि चक्क तसेच पुढे चालत आले. संदेश ऐकला. मग भट्टीवाले सोडून सगळ्यांना डेकवर जमवलं, कठड्याशी रांगेत उभं केलं, टोप्या हातात घ्यायला लावल्या. आमच्याकडे तीन वेळा हुर्रे म्हणायची रीत आहे, पण ती कुणासाठी? राजघराण्यासाठी, अॅडमिरलसाठी, शेजारून जाणाऱ्या जहाजासाठी. नेहमी समुद्राकडे तोंड करून. आम्हीही सवयीने समुद्राकडे तोंड केलं.

"तिकडे काय बघताय?" माल्त्सान ओरडले. "मागे वळा!"

आम्ही वळलो. समोर धुराडी होती आणि खाली भट्ट्यांना हवा नेणारी मोठी पत्र्याची तोंडं. माल्त्सान त्यातल्या एका तोंडापाशी गेले, आत वाकले आणि टोपी उंचावली.

"आमच्या बंबवाल्यांसाठी!" त्यांचा आवाज चिरकला. "हुर्रे! हुर्रे! हुर्रे!"

साडेपाचशे माणसं खाली वाकून, त्या पत्र्याच्या तोंडांत हुर्रे ओरडत होती. मी तर पळत जाऊन माझ्या जाळीवर पडून ओरडत होतो आणि रडत होतो.

तिकडे ब्रिजवरची नळी खरखरली, हे मला नंतर कळलं. इंगव्हेर्सन घाबरून विचारत होते, "वर काय झालं? आग लागली का? वेग कमी करू?"

कॅप्टनसाहेबांनी नळीला तोंड लावलं. "काही कमी करू नका, इंगव्हेर्सन. ते तुमच्यासाठी आहे."

  मग जहाजाच्या पोटातून ठण् असा आवाज आला. पुन्हा आला. मग एकामागून एक शंभर फावडी लोखंडी फरशीवर वाजायला लागली, आणि ती वाजत राहिली, आणि जहाज सगळ्या ताफ्याच्या पुढे जाऊन उभं राहिलं तरी थांबली नाहीत.